वीज केंद्र थांबलं तर गावाचं काय? एकलहरेसाठी दक्षिण आफ्रिकेचा धडा

नाशिकजवळचं एकलहरे ओळखलं जातं औष्णिक वीज केंद्रामुळे. महानिर्मितीच्या या केंद्रातले १९७०-७१ चे पहिले दोन संच बंद झाले. उरलेले २१० मेगावॅटचे तीन संचही १९७९ ते १९८१ दरम्यानचे, म्हणजे चाळिशी ओलांडलेले. उद्या हेही थांबले तर?

जर्मनीने कोळसा पट्ट्यांसाठी ४० अब्ज युरो बाजूला ठेवले. विकसनशील देशांना हे परवडणारं नाही. त्यामुळे आपल्यासाठी जवळचं उदाहरण आहे दक्षिण आफ्रिकेचं.

तिथलं १९६१ पासूनचं कोमाती केंद्र ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद झालं. त्या जागी सौर, पवन ऊर्जा आणि बॅटरी प्रकल्पासाठी जागतिक बँकेने ४९.७ कोटी डॉलर मंजूर केले. पण केंद्र आधी थांबलं आणि नवे रोजगार मागे राहिले. कायम कर्मचाऱ्यांना दुसऱ्या केंद्रांत सामावून घेता आलं. फटका बसला तो कंत्राटी कामगारांना आणि त्यांच्यावर चालणाऱ्या छोट्या व्यवसायांना.

धडा सरळ आहे. पर्यायी काम आणि प्रशिक्षण आधी, टाळं नंतर. आणि या तयारीत कंत्राटी कामगारांचं नाव पहिलं हवं.