दिनविशेष : २६ एप्रिल – गुरूंमागची गादी

कराटेतील क्योकुशिन शैलीचे संस्थापक मासुतात्सु ओयामा यांचे १९९४ साली आजच्या दिवशी टोकियोत फुफ्फुसाच्या कर्करोगाने निधन झाले. कोरियात जन्मलेल्या या गुरूने १९६४ मध्ये क्योकुशिनकाईकान संघटना उभारली आणि अखेरपर्यंत सूत्रे स्वतःकडेच ठेवली. निधनाच्या जेमतेम आठवडाभर आधी, रुग्णालयात मृत्युपत्र झाले. त्यात वारस म्हणून शोकेई मात्सुई यांचे नाव होते. माणूस तोलामोलाचा, एकापाठोपाठ १०० लढतींची कसोटी त्यांनी १९८६ मध्ये पार केली आणि पुढच्याच वर्षी विश्वविजेतेपद मिळवले. पण ओयामांच्या कुटुंबीयांनी मृत्युपत्राला आव्हान दिले, न्यायालयाने ते ग्राह्य धरले नाही आणि संघटनेची शकले झाली. धडधाकट असतानाच ओयामांनी पद सोडले असते, तर ही ताटातूट बहुधा टळली असती.

योगायोग असा, की कराटेच्याच शोतोकान शैलीचे प्रवर्तक गिचिन फुनाकोशी हेही १९५७ मध्ये याच तारखेला गेले. तरुणपणी ओयामा त्यांच्याकडेही शिकले होते. फुनाकोशींच्या अंत्यविधीचा मान कोणाचा, यावरून शिष्यांतली फूट चव्हाट्यावर आली आणि जपान कराटे असोसिएशनने विधीवर बहिष्कार टाकला.