‘अदखलपात्र’ या शब्दाविषयी
२३. मूळ मजकुरातला हा शब्द जपून वाचावा. अदखलपात्र हाही गुन्हाच. फक्त दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना त्याचा तपास करता येत नाही. मनाला लागलेले, पण कायद्यात न बसणारे बोलणे त्याहून वेगळे. ते पोलीस ठाण्यात कळवायचे कशासाठी, हा उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या वाचकाला पडणारा प्रश्न रास्तच आहे. अशा तक्रारीतून काय होते, ते पालघरमध्ये दिसले. ही शहरे आणि पालघर २०१२ साली एकाच ठाणे जिल्ह्यात होती. बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी, १८ नोव्हेंबरला, पालघरच्या एका तरुणीने मुंबई बंद कशाला, असे फेसबुकवर विचारले. मैत्रिणीने ते ‘लाइक’ केले. तक्रार झाली, दोघींना अटक झाली, एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. देशभर संताप उसळला आणि पोलीस अधिकारी निलंबित झाले. मुलींवरचा खटला पुढे टिकला नाही. त्यात लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. तरीही ते लावले जात राहिले. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले. — संपा.