चालत्या कामाचे बिऱ्हाड

बदलीच्या नोकरीवर दिवस काढलेल्या घरांना बिऱ्हाड हलविण्याचा क्रम ठाऊक असतो. आधी पुस्तके, जादा अंथरुणे आणि सणासुदीची भांडी बांधली जातात. रोजचा स्वयंपाक मात्र चालूच राहतो. अगदी शेवटी चूल विझते आणि नव्या गावी त्याच संध्याकाळी पुन्हा पेटते. मधल्या काळात मुले उपाशी राहिली नाहीत, म्हणजे गृहिणी जिंकली. संगणकशास्त्रज्ञ चाळीसहून अधिक वर्षे हीच विद्या साधण्याच्या खटपटीत आहेत. आज त्या खटपटीचा थोडासा इतिहास सांगावा, असा विचार आहे.

मोबाइलवर बोलत आपण प्रवास करतो, तेव्हा एक मनोरा आपले संभाषण पुढच्या मनोऱ्याच्या हाती सोपवितो. या व्यवस्थेचे मूळ 1947 साली बेल प्रयोगशाळेतील डग्लस रिंग यांनी लिहिलेल्या टिपणात आहे. प्रदेशाचे लहान लहान षट्कोनी भाग पाडावेत, ही कल्पना त्यात मांडलेली होती. 1979 साली टोकियोत अशी सेवा व्यापारी तत्त्वावर सुरू झाली. परंतु संभाषण सोपविणे तसे सोपे. आपण मघाशी काय बोललो, हे मनोऱ्याला लक्षात ठेवावे लागत नाही. चालू प्रोग्रॅमचे तसे नाही. आतापर्यंत काय घडले, हे सारे त्याच्या स्मृतीत साठलेले असते. त्याला हलवायचे, तर ती स्मृतीही हलवावी लागते.

या दिशेने आरंभीचे एक महत्त्वाचे पाऊल 1983 साली पडले. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे मायकेल पॉवेल आणि बार्टन मिलर यांनी 'डेमॉस/एमपी' या प्रणालीत चालता प्रोग्रॅम एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेऊन दाखविला. जुन्या यंत्रावर ते नवा पत्ता ठेवून जात. मागून आलेला निरोप पोस्टाने पुढे धाडलेल्या पत्राप्रमाणे नव्या जागी पोहोचे. यात एक अडचण उरतेच. जुने यंत्र बंद पडले, की मागचे निरोपही अडतात. घर सोडले तरी जुन्या घराशी बांधलेली ही दोरी पुढच्या सर्व संशोधकांना त्रास देत आली आहे.

दुसरी युक्ती 1985 साली स्टॅनफर्डमधून आली. थायमर, लांट्झ आणि चेरिटन यांनी 'व्ही' प्रणालीत प्रोग्रॅम चालू ठेवूनच त्याची स्मृती आधी नकलून घेतली. नक्कल होत असताना जे बदलले, तेवढेच पुन्हा नकलायचे. अखेर अगदी थोडे उरले, की क्षणभर थांबून तेही न्यायचे. चूल शेवटी विझविण्याची जी रीत, तीच ही! 2005 साली केंब्रिज आणि कोपनहेगन येथील संशोधकांनी हीच रीत वापरून संपूर्ण आभासी यंत्र हलविले. त्यावर सहा खेळाडू एक संगणकी खेळ खेळत होते. प्रत्यक्ष खंड पडला तो अवघा 60 मिलिसेकंदांचा.

मात्र ते स्थलांतर एकाच केंद्राच्या चार भिंतींत झाले होते. दोन्ही यंत्रांची साठवण सामाईक होती आणि मधली वाट वेगवान होती. म्हणजे बिऱ्हाड हलले ते एका वाड्यातल्या दोन खोल्यांत.

वाड्याबाहेर पडण्याची गरज अंतरामुळे उत्पन्न झाली. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो. हजार किलोमीटरवरच्या केंद्राला विचारून उत्तर मिळवायचे, तर नुसत्या जाण्यायेण्यात निदान 10 मिलिसेकंद जातात, आणि वाटेतल्या यंत्रांचा विलंब वेगळाच. समजा, एका अंध प्रवाशाच्या चष्म्यातील कॅमेऱ्याची चित्रे पाहून कोणी प्रोग्रॅम त्याला वाट सांगत आहे. तेथे उशिरा आलेली सूचना निरुपयोगीच नव्हे, घातकही ठरेल. म्हणून 2009 साली, मद्रासच्या आय.आय.टी.त शिकलेले महादेव सत्यनारायणन् आणि त्यांचे सहकारी यांनी लहान संगणककेंद्रे वापरणाऱ्याच्या जवळ ठेवण्याची योजना मांडली. 2014 साली युरोपातील ईटीएसआय या मानकसंस्थेने मोबाइल जाळ्याच्या कडेवरील अशा गणनेसाठी स्वतंत्र गट नेमला. यालाच आज एज कंप्युटिंग म्हणतात.

पण प्रवासी पुढे गेला, की जवळचे केंद्र दूरचे होते! आता हिशेब मांडून पाहा. प्रोग्रॅमची स्मृती 2 गिगाबाइट आहे आणि दोन केंद्रांमधील वाट सेकंदाला 100 मेगाबिट वाहून नेते, असे धरले, तर एका नकलेलाच 160 सेकंद लागतील. ताशी 60 किलोमीटर वेगाची मोटार तेवढ्यात अडीच किलोमीटरांहून पुढे निघून जाईल. त्यातून स्मृती वाटेच्या क्षमतेपेक्षा वेगाने बदलत असेल, तर नक्कल कधी संपणारच नाही.

यावरचा उपाय गृहिणीला पूर्वीपासून ठाऊक आहे. नव्या गावी जी वस्तू मिळते, ती बरोबर नेऊ नये. 2009 च्या त्या लेखातही हेच तत्त्व होते : सर्वांना लागणारा पाया प्रत्येक केंद्रात आधीच ठेवावा आणि ज्याचा त्याचा फरक तेवढा पाठवावा. 2013 पासून प्रसार पावलेल्या डॉकरच्या थरांच्या रचनेने हे काम पुष्कळ हलके केले आहे.

तरीही केव्हा हलावे, हा निर्णय शिल्लक राहतोच. 2013 साली तालेब आणि क्सेंतिनी यांनी प्रवाशामागून जाणाऱ्या सेवेची कल्पना मांडली, तेव्हापासून यावर विपुल लेखन झाले आहे. प्रत्येक मनोऱ्यापाशी हलावे, तर सारा वेळ बांधाबांधीत जातो. मुळीच न हलावे, तर उत्तरे उशिरा येतात. प्रवासी कोठे वळणार, याचा अंदाज चुकला, तर केलेली नक्कल वाया जाते. म्हणून थोडा विलंब सोसून जुन्या जागीच राहणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. मात्र किती विलंब सोसावा, हे यंत्राच्या सोयीवरून ठरविता येणार नाही. रस्ता ओलांडणाऱ्या त्या अंध प्रवाशाला किती चालेल, यावरूनच ते ठरविले पाहिजे.