सद्भाव आणि यंत्र : प्रताधिकार-सूचनेचा संक्षिप्त इतिहास

कायद्याची भाषा मनुष्याला उद्देशून लिहिलेली असते. तिचे काम यंत्राकडे सोपविले म्हणजे काय घडते, याचा बोध अमेरिकेतील प्रताधिकार-सूचनांच्या इतिहासावरून होतो.

१९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याने एक तडजोड केली. इतरांनी ठेवलेल्या मजकुराबद्दल संकेतस्थळाच्या चालकास जबाबदार धरावयाचे नाही. मात्र धारकाची सूचना येताच त्याने तो त्वरित काढून टाकावयाचा. झालेल्या वापरास मालकाची वा कायद्याची संमती नाही, असा आपला सद्भावपूर्ण विश्वास असल्याचे धारकाने सूचनेत नमूद करावयाचे. जाणूनबुजून खोटे विधान करणारास नुकसानभरपाईचे भय होते. साऱ्या व्यवस्थेचा भार ‘विश्वास’ या एका शब्दावर होता.

२००७ साली त्या शब्दाची कसोटी लागली. एका मातेने आपल्या बालकाच्या नाचाचे २९ सेकंदांचे चित्रण यूट्यूबवर ठेवले होते. पार्श्वभूमीस गायक प्रिन्स याचे गीत वाजत होते, म्हणून युनिव्हर्सल कंपनीने ते काढावयास लावले. मातेने न्यायालयात दाद मागितली. सूचनेपूर्वी धारकाने ‘न्याय्य वापरा’चा विचार केलाच पाहिजे, असा निर्णय २०१५ साली अपील न्यायालयाने दिला. त्या निकालपत्रात यांत्रिक छाननीस अनुकूल असा मजकूर होता. २०१६ च्या सुधारित निकालपत्रातून तो गाळण्यात आला. यंत्राला विश्वास असू शकतो काय, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला. खटला २०१८ मध्ये आपसांत मिटला.

दरम्यान व्यवहाराने न्यायालयास मागे टाकले होते. २००७ मध्येच यूट्यूबने ‘कंटेंट आयडी’ ही पद्धती सुरू केली. तीत ध्वनी व चित्र यांचे ठसे जुळवून यंत्रच दावा नोंदविते. हा दावा कायद्यातील सूचना नव्हे. तो खासगी व्यवस्थेचा भाग होय. त्यामुळे सद्भावाची अट व तिच्यामागील भय दोन्ही मागे पडतात. २०२१ च्या पहिल्या सहामाहीत असे ७२ कोटींहून अधिक दावे झाल्याचे यूट्यूबने जाहीर केले. एक टक्क्याहून कमी दाव्यांस हरकत घेतली गेली. परंतु हरकतींपैकी सुमारे ६० टक्के, म्हणजे २२ लाख, मान्य झाल्या. हरकत न घेणाऱ्यांचे मौन ही संमतीच होती, असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही.

मनुष्याने केलेला दुरुपयोगही याच काळातला आहे. खोट्या सूचना धाडून चित्रफीतकारांकडून खंडणी मागणाऱ्या एका इसमाविरुद्ध २०१९ मध्ये यूट्यूबनेच फिर्याद केली. त्याच्या बाबतीत खोटे विधान करणारा कोण, हे निदान सांगता आले. यंत्राच्या दाव्यात ‘विश्वास ठेवणे’ या क्रियेला कर्ताच उरलेला नाही. आणि जेथे कर्ता नाही, तेथे उत्तरदायी कोणास धरावयाचे?