कॅव्हान्साइट : काळ्या पाषाणातील निळे व्हॅनेडियम

सहाव्या शतकात उज्जयिनीच्या परिसरात वराहमिहिराने ‘बृहत्संहिता’ सिद्ध केली. तिच्यातील रत्नपरीक्षेच्या अध्यायात २२ रत्नांची नामावली आहे आणि त्या नामावलीत निळ्या रत्नांची दोन नावे वेगवेगळी नोंदलेली आहेत : इंद्रनील आणि महानील. रंग, तेज, आकार आणि दोष पाहून रत्न पारखण्याची ती परंपरा. जवाहिऱ्यांच्या पेढीवर ती आजही मोडीत निघालेली नाही. वराहमिहिर ज्या माळव्याच्या पठारावर वावरला, ते पठार बेसाल्ट या काळ्या पाषाणाचे आहे. हाच पाषाण दक्षिणेकडे पसरत पुण्यापर्यंत येतो, आणि पुण्याजवळच्या वाघोलीत त्याच्या पोटात एक निळे खनिज दडलेले होते. वराहमिहिराच्या यादीत त्याला जागा मिळण्याचा प्रश्नच नव्हता. ते उजेडात यायला विसावे शतक उलटत आले.

या खनिजाचे नाव कॅव्हान्साइट. ते कोणा व्यक्तीवरून किंवा गावावरून पडलेले नाही. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन या तीन मूलद्रव्यांच्या नावांचे आरंभीचे तुकडे जोडून ते तयार केले आहे. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात, ओवायही धरणाच्या परिसरात आणि गोबल या गावाजवळ, ते प्रथम सापडले. लॉइड स्टेपल्स, हॉवर्ड इव्हान्स आणि जेम्स लिंडसे यांनी १९७३ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. ओरेगॉनमधील स्फटिक बारीक होते. अभ्यासकांपलीकडे त्यांची कोणी फारशी दखल घेतली नसती. जगभरच्या संग्राहकांना या खनिजाचे वेड लावले ते वाघोलीने.

त्याच्या एका रेणुसूत्रात कॅल्शियमचा एक अणू, व्हॅनेडियम व ऑक्सिजन यांची एक जोडी, सिलिकॉनचे चार व ऑक्सिजनचे दहा अणू आणि पाण्याचे चार रेणू असतात. वजनाच्या हिशेबाने त्यात सुमारे ११ टक्के व्हॅनेडियम आणि १६ टक्के पाणी भरते. स्फटिक समचतुर्भुजी प्रणालीचे, चमक काचेसारखी, कस निळसर पांढरा. काठिण्य मोहस् मापक्रमावर ३ ते ४, म्हणजे चाकूच्या टोकाने सहज ओरखडा उठेल इतके कमी. विशिष्ट गुरुत्व २.२ ते २.३, गारगोटीचे २.६५ असते, त्या मानाने हा दगड हलका. सुटा मोठा स्फटिक क्वचितच आढळतो. सुयांसारखे बारीक स्फटिक एका केंद्रातून चहूकडे फुटून त्यांचा गोळा बनतो. असा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरांचा गडद निळा गोळा पांढऱ्या स्टिल्बाइटच्या आसनावर बसलेला असतो. मऊपणामुळे आणि ठिसूळपणामुळे दागिन्यात घडवण्याच्या कामी तो येत नाही. त्याचे मोल नमुना म्हणून आहे, आणि गोळा आसनावरून निखळला की तेही घसरते.

ही निळाई कोठून येते, हे पाहण्यासाठी व्हॅनेडियमचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. मेक्सिकोत आंद्रेस मान्युएल देल रिओ यांना हे मूलद्रव्य १८०१ मध्ये गवसले. पण ते क्रोमियमच असल्याचे मत पुढे आले आणि त्यांनी आपला दावा मागे घेतला. १८३० मध्ये स्वीडनच्या निल्स सेफस्ट्रॉम यांना ते पुन्हा मिळाले. त्याच्या संयुगांचे रंगवैविध्य पाहून त्यांनी व्हॅनाडिस या नॉर्स सौंदर्यदेवतेचे नाव त्याला दिले. पाण्यात विरघळलेले व्हॅनेडियम द्विसंयुजी असेल तर जांभळे, त्रिसंयुजी असेल तर हिरवे, चतुःसंयुजी असेल तर निळे आणि पंचसंयुजी असेल तर पिवळे दिसते. कॅव्हान्साइटमधील व्हॅनेडियम चतुःसंयुजी आहे. इंद्रनील म्हणजे नीलम, त्याची निळाई मात्र लोह आणि टायटॅनियम यांच्या अत्यल्प अंशातून आलेली असते; ते अंश काढून घेतले तर उरणारा दगड रंगहीन असेल. कॅव्हान्साइटमधून व्हॅनेडियम काढले तर रंगच काय, खनिजही उरणार नाही.

वर्गीकरणाचा पेच येथेच सुरू होतो. व्हॅनेडियमचा अणू येथे एका ऑक्सिजनशी अतिशय घट्ट बांधलेला असतो. या जोडीला व्हॅनॅडिल म्हणतात. ती जोडी पाहून हे खनिज ऑक्साइडांच्या वर्गात घालावेसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आधुनिक खनिजविज्ञान वर्ग ठरवताना रंग पाहत नाही, दुर्मिळ धातूही पाहत नाही. ऋणभारित गट कोणता आणि अणूंची रचना कशी, हे पाहते. कॅव्हान्साइटमध्ये सिलिकॉन व ऑक्सिजन यांचे चतुष्फलक चार-चार आणि आठ-आठ जणांची कडी करून पसरट थर बनवतात. म्हणून त्याची जागा सिलिकेट वर्गात, तेथेही अभ्रक आणि मातीची खनिजे ज्या थररूपी सिलिकेटांत मोडतात त्यांच्या पंक्तीला आहे. अभ्रकासारखे त्याचे पापुद्रे मात्र सुटत नाहीत. थराथरांमध्ये व्हॅनेडियमचे चौरस पायाचे पिरॅमिड खांबांसारखे उभे असतात आणि ते थरांना धरून ठेवतात. खांबांमधल्या पोकळीत कॅल्शियम आणि पाणी सामावते. तापवल्यावर हे पाणी टप्प्याटप्प्याने निघून जाते. झिओलाइट नसूनही त्याची वागणूक झिओलाइटची आठवण करून देणारी आहे. गंमत अशी की वराहमिहिराचा इंद्रनील हा खरोखरीचा ऑक्साइड आहे, ॲल्युमिनियमचा. दोन निळे दगड शेजारी ठेवले तर डोळा त्यांना एका घरात घालील. रसायनशास्त्र त्यांची गोत्रे वेगळी सांगते.

कॅव्हान्साइटला एक सख्खे भावंड आहे, पेंटागोनाइट. घटक तेच, प्रमाण तेच, फक्त थरांतील कडी सहा-सहा चतुष्फलकांची. त्याचे स्फटिक असे जुळून वाढतात की आडव्या छेदात पाच टोकांचा तारा दिसतो. नाव त्यावरूनच पडले. पंचकोनी सममिती स्फटिकाला वर्ज्य असते, तेव्हा हा तारा एका स्फटिकाचा नसून जुळ्यांच्या जमावाचा असतो. वाघोलीत दोन्ही मिळतात आणि क्ष-किरणांच्या परीक्षेवाचून त्यांत गल्लत होणे सोपे आहे.

व्हॅनेडियमची अस्सल ऑक्साइड खनिजेही आहेत. कॅरेलियानाइटमध्ये ते त्रिसंयुजी, श्चेर्बिनाइटमध्ये पंचसंयुजी असते. लोह आणि व्हॅनेडियम यांचे ऑक्साइड असलेले स्पिनेल गटातील कूल्सोनाइट हे तर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील ए. एल. कूल्सन यांच्या नावाचे. सिंहभूम आणि मयूरभंज येथील टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटचा अभ्यास करताना डन आणि डे यांनी १९३७ मध्ये ते नाव योजले. पुढे १९६२ मध्ये अमेरिकेतील नेवाडाच्या नमुन्यांवरून त्याची रासायनिक ओळख नेमकी झाली. वर्गांच्या भिंती तरीही पक्क्या नाहीत. प्रचलित निकेल–स्ट्रुंझ पद्धतीत काही व्हॅनेडेट खनिजे फॉस्फेटांच्या शेजारी बसतात, तर काही ऑक्साइडांच्या वर्गात. व्हॅनेडियमच्या अणूभोवती ऑक्सिजन किती, यावर ते ठरते.

आता पुन्हा काळ्या पाषाणाकडे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हांनी घडलेला दख्खनचा बेसाल्ट आज जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरांवर पसरला आहे. उज्जैन त्याच्या उत्तरेकडील भागात येते. दक्षिणेकडे त्याची कड गोव्याच्या ईशान्य कोपऱ्यात, सत्तरीच्या सह्याद्रीत टेकते. या खडकाच्या एका टनात साधारणतः २५० ते ४०० ग्रॅम व्हॅनेडियम असते. ते प्रामुख्याने टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटच्या काळ्या कणांत आणि पायरॉक्सिनमध्ये विखुरलेले असते. म्हणजे व्हॅनेडियम उज्जैनच्या पाषाणातही आहे. पण डोळ्यांना ते दिसत नाही. कॅव्हान्साइटमध्ये हेच प्रमाण सुमारे पावणेचारशे पटींनी वाढलेले असते. त्यासाठी खडकात मुरलेल्या गरम पाण्याने ते विरघळवून आणायला हवे, त्याचे ऑक्सिडीभवन चतुःसंयुजी अवस्थेपर्यंतच व्हायला हवे, आणि कॅल्शियम व सिलिका हाताशी हवे. आणखी एक पायरी पुढे गेले, की निळ्याऐवजी पिवळ्या-तांबूस व्हॅनेडेटांचा मार्ग मोकळा होतो. इतके योग जुळणे विरळा. वाघोलीत लाव्हाच्या थरांमधील तुकड्यातुकड्यांच्या सच्छिद्र खडकात ते जुळून आले. ब्राझील आणि न्यूझीलंडमधील बेसाल्टातही हे खनिज आढळले आहे, पण वाघोलीची सर त्याला नाही.

वाघोलीच्या खाणी रत्नांसाठी खणलेल्या नाहीत. पुण्याच्या इमारतींना आणि रस्त्यांना लागणारी खडी तेथून निघे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस निळे गोळे मोठ्या संख्येने बाहेर येऊ लागले आणि परदेशी बाजारात पोहोचले. सुरुंगाने फुटलेल्या ढिगाऱ्यातून ते हाताने वेचावे लागतात. वेचले गेले नाहीत तर खडीच्या यंत्रात जातात. गोमंतकीय वाचकाला खाणीचा हिशेब लाखो टनांत ऐकण्याची सवय आहे. येथे सगळा जीव मुठीत मावणाऱ्या ढेकळात असतो. पोलादाला बळकटी देण्यासाठी वा विद्युत्घटांसाठी लागणारे व्हॅनेडियम यातून मिळण्याची सुतराम शक्यता नाही. त्याच्यासाठी मॅग्नेटाइटची धातुके आणि ॲल्युमिना कारखान्यांतील गाळ आहे.

या खनिजाचे खरे मोल शास्त्रीय आहे, आणि ते नमुन्याइतकेच त्याच्या जागेवर अवलंबून आहे. कोणत्या थरात, कोणत्या खनिजानंतर, पोकळीच्या कोणत्या बाजूला गोळा वाढला, हे खाणीच्या भिंतीवरच वाचता येते. संग्रहालयातल्या काचेमागे गेलेला नमुना त्यांतले अर्धेही सांगत नाही. दख्खनच्या स्फटिकांसाठी सिन्नर येथे ‘गारगोटी’ हे संग्रहालय उभे राहिले, ही जमेची बाजू. भूवारशाच्या स्थळांच्या जतनासाठी एका विधेयकाचा मसुदा केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये लोकांपुढे ठेवला. तत्पूर्वी, २०२१ मध्ये, वाघोली पुणे महापालिकेत समाविष्ट झाली होती. जिच्या खडीने शहर वाढले, त्या भूमीवर आता तेच शहर चढत आहे, आणि खाणीचा खड्डा भरून काढलेली जमीन तेथे खड्ड्यापेक्षा किती तरी महाग आहे.