निवृत्तीनंतर ट्रकचं स्टेअरिंग : लायसन्स, तब्येत आणि फंडाचा हिशेब

बेळगाव : महाराष्ट्र सरकारचा बहुतेक कर्मचारी ५८ व्या वर्षी निवृत्त होतो, कर्नाटकचा ६० व्या आणि मध्य प्रदेशचा ६२ व्या वर्षी. लष्करातला जवान तर त्याच्याही खूप आधी, अनेकदा चाळिशीच्या आसपासच गावी परततो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड, गडहिंग्लज या पट्ट्यात असं घर शोधावं लागत नाही. पेन्शन सुरू होते, फंडाचे पैसे हातात येतात, मुलांची शिक्षणं किंवा लग्नं अजून बाकी असतात आणि अंगात जोर असतो. मग काहीजण ट्रककडे वळतात. कोणी दुसऱ्याच्या गाडीवर चालक म्हणून जातो, कोणी थेट स्वतःची गाडी घेतो.

या वयात ट्रक चालवता येतो का? कायद्याने येतो. पण डोळे, झोप आणि हिशेब या तीन ठिकाणी माणूस अडकतो. निर्णय घेण्याआधी काय काय तपासावं, ते पुढे दिलं आहे.

वयाची अट काय?

मोटार वाहन कायदा १९८८ नुसार मालवाहू किंवा प्रवासी वाहतुकीची गाडी चालवायला किमान वय २० वर्षं लागतं. कमाल वयाची मर्यादा कायद्यात नाही. साठीतला माणूसही अर्ज करू शकतो. पूर्वी ट्रान्सपोर्ट लायसन्ससाठी आठवी पास असण्याची अट होती, ती २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली. त्यामुळे शिक्षण कमी म्हणून कुणाला माघार घ्यावी लागत नाही.

कंपन्या आणि ट्रान्सपोर्टवाले मात्र आपापली वयोमर्यादा लावतात. नोकरीच करायची असेल तर लायसन्सवर पैसे खर्च करण्याआधी दोन-चार ठिकाणी विचारून घेतलेलं बरं.

छोटी गाडी : साधं लायसन्सही पुरतं

अनेकांना ठाऊक नसलेली गोष्ट ही. ज्या मालवाहू गाडीचं एकूण वजन, म्हणजे गाडी अधिक पूर्ण माल, ७,५०० किलोच्या आत आहे, ती चालवायला कारचं म्हणजे एलएमव्ही लायसन्स पुरतं. वेगळी ट्रान्सपोर्टची नोंद लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी हे स्पष्ट केलं. 'छोटा हत्ती', पिकअप, ४०७ सारख्या गाड्या या मर्यादेत बसतात. तरीही आरसीवरचं एकूण वजन स्वतःच्या डोळ्यांनी वाचावं, मालकाच्या तोंडी शब्दावर राहू नये.

वयाच्या ५५ नंतर साधं लायसन्सही पाच-पाच वर्षांनीच नूतनीकरण होतं, हेही ध्यानात ठेवावं.

मोठा ट्रक : ट्रान्सपोर्ट लायसन्स

७,५०० किलोच्या वरच्या गाडीला ट्रान्सपोर्ट लायसन्स हवंच. त्याचा मार्ग असा :

– एलएमव्ही लायसन्स किमान एक वर्ष जुनं असलं पाहिजे. निवृत्त माणसाची ही अट बहुधा आधीच पूर्ण झालेली असते.
– सारथी पोर्टलवरून लर्निंग लायसन्स काढायचं. ते सहा महिने चालतं. पक्क्या लायसन्सची चाचणी ३० दिवसांनंतर देता येते.
– मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचं प्रशिक्षण प्रमाणपत्र जोडायचं.
– वैद्यकीय प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १-ए, जोडायचं. चाळिशीनंतर हे साध्या लायसन्सलाही लागतं.

केंद्र सरकारच्या नियमांनुसार चालणाऱ्या 'अ‍ॅक्रेडिटेड' प्रशिक्षण केंद्रात अवजड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा असतो. तिथून उत्तीर्ण झाल्यास आरटीओची वेगळी चाचणी द्यावी लागत नाही. पन्नाशीनंतर पहिल्यांदा मोठ्या गाडीवर बसणाऱ्याने ओळखीच्या ड्रायव्हरकडे चार दिवस शिकण्यापेक्षा असं केंद्र गाठावं.

सीमाभागातल्यांना आणखी एक सोय आहे. ज्या राज्यात आपण राहतो किंवा व्यवसाय करतो तिथे अर्ज करता येतोच, पण ज्या राज्यात आपलं ड्रायव्हिंग स्कूल आहे तिथेही करता येतो. म्हणजे निपाणीच्या माणसाने कोल्हापुरात प्रशिक्षण घ्यायचं ठरवलं, तर तो महाराष्ट्रात अर्ज करू शकतो. लायसन्स कुठल्याही राज्यातलं असो, ते देशभर चालतं.

ट्रान्सपोर्ट लायसन्सची मुदत पाच वर्षं असते. कार्डावर दोन तारखा असतात, एक नॉन-ट्रान्सपोर्टची आणि एक ट्रान्सपोर्टची. लोक पहिली बघतात आणि दुसरी संपलेली असते. पूर्वी मुदत संपल्यावर महिनाभर सवलत मिळायची, ती २०१९ मध्ये गेली. मुदत संपून एक वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते.

रसायनं, गॅस, पेट्रोल-डिझेल असा धोकादायक माल न्यायचा असेल तर तीन दिवसांचं वेगळं प्रशिक्षण आणि लायसन्सवर वेगळी नोंद लागते. त्यासाठी घटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भारतीय भाषा आणि इंग्रजी वाचता-लिहिता यावी लागते. भारतीय भाषेच्या जागी मराठी चालते.

माजी सैनिक आणि बसचालक

लष्करात वीस वर्षं शक्तिमान आणि स्टॅलियन चालवलेल्या जवानाला वाटतं, आपल्याला कोण अडवणार? पण कायद्याचं कलम १८ सांगतं की, केंद्र सरकारच्या संरक्षणविषयक गाड्यांसाठी दिलेलं लायसन्स फक्त त्याच गाड्यांना लागू असतं. बाहेरचा ट्रक त्यावर चालवता येत नाही. म्हणून सेवेत असतानाच नागरी लायसन्स काढून ठेवणारे जवान पुढे सुखी राहतात. ज्यांनी काढलेलं नाही, त्यांनी घरी आल्यावर पहिलं काम ते करावं.

एसटी किंवा कर्नाटक परिवहनच्या निवृत्त चालकाच्या लायसन्सवर ट्रान्सपोर्टची नोंद आधीपासून असते. त्याने फक्त मुदत सांभाळायची. निवृत्तीच्या निवांतपणात नूतनीकरण राहून जातं आणि वर्षभराने तीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला पुन्हा चाचणीच्या रांगेत उभं राहावं लागतं.

डोळे, साखर, झोप

फॉर्म १-ए वर सही मिळवणं आणि खरोखर तपासून घेणं यात फरक आहे. फॉर्ममध्ये २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, ऐकू येतं का, अशा बाबी असतात. सही पाच मिनिटांत होते. पण पन्नाशीनंतर मोतीबिंदू हळूहळू येतो. दिवसा काही जाणवत नाही आणि रात्री समोरच्या गाडीच्या हेडलाइटने सगळं पांढरं होतं. चुकवू नयेत अशा तपासण्या या :

– नेत्रतज्ज्ञाकडून मोतीबिंदू, काचबिंदू आणि बाजूची नजर
– रक्तदाब आणि ईसीजी
– साखर. इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवणारी गोळी सुरू असेल तर डॉक्टरांना "मी ट्रक चालवणार आहे" असं स्पष्ट सांगावं. जेवण लांबलं की साखर उतरते आणि ट्रकवर जेवण लांबतंच.
– झोप. मोठ्याने घोरणं, दिवसा डुलक्या लागणं हे झोपेत श्वास अडकण्याचं लक्षण असू शकतं. स्टेअरिंगवर डोळा लागण्याचं ते एक मोठं कारण आहे.

दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास हे चालकांच्या कामाचं सूत्र १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यापासून चालत आलं आहे. प्रत्यक्षात 'सकाळी माल पोचलाच पाहिजे' या एका वाक्यापुढे ते मागे पडतं. पंचविशीतला चालक दोन रात्री जागून सावरतो, साठीतला सावरत नाही. त्यामुळे रात्रीची लांब पल्ल्याची फेरी या वयात नाकारता आली पाहिजे. पेन्शन आहे म्हणून नाही म्हणता येतं. हा फायदा तरुण चालकाकडे नसतो.

थोडा दिलासाही आहे. २०२५ पासून साडेतीन टनांवरच्या नव्या ट्रकांच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. पण कामावर मिळणारी गाडी नवीच असेल असं नाही.

काम फक्त स्टेअरिंगचं नाही

ट्रक चालवणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे ताडपत्री ओढणं, दोर आवळणं, टायर बदलायला हात लावणं, गोदामाबाहेर तासन् तास नंबर लागण्याची वाट बघणं आणि कागद सांभाळणं. केबिनमध्ये दिवसातून दहा वेळा चढ-उतार होते. गुडघ्यांची परीक्षा तिथे होते.

कागदांमध्ये लायसन्स, आरसी, विमा, फिटनेस, परमिट, पीयूसी, बिल्टी आणि ई-वे बिल येतं. गाडीचे कागद आणि लायसन्स डिजिलॉकर किंवा एम-परिवहनवर दाखवले तरी चालतात. मालाची किंमत ५० हजारांच्या वर असेल तर ई-वे बिल लागतं. त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी धरली जाते. मुदत संपण्याच्या आधी किंवा नंतरच्या आठ तासांत ती वाढवता येते. राज्याच्या हद्दीवर गाडी अडली की मालक फोनवर असतो, पण उभं राहावं लागतं चालकाला.

जादा माल भरायला मालक सांगेल. केंद्रीय कायद्यात त्याला २० हजार रुपये दंड, शिवाय प्रत्येक जादा टनाला २ हजार रुपये अशी तरतूद आहे. घाटात तर हा प्रश्न दंडापुरता राहत नाही. बेळगावहून गोव्याला जाणारे चोर्ला आणि अनमोड, सावंतवाडीकडचा आंबोली, हे उतार ब्रेकच्या भरवशावर उतरायचे नसतात. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच किंवा त्याहून खालच्या गिअरमध्ये, इंजिनच्या जोरावर गाडी रोखत उतरायचं. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडलेली भरलेली गाडी पुन्हा हातात येत नाही. नवशिक्याने, मग तो साठ वर्षांचा का असेना, पहिले काही महिने भरलेली गाडी घाटात एकट्याने नेऊ नये. घाटांत अवजड वाहतुकीवर वेळोवेळी निर्बंधही येतात, निघण्याआधी चौकशी करावी.

नोकरी की स्वतःची गाडी?

सगळ्यात मोठी चूक इथे होते. फंड हातात असतो, शोरूमवाला चहा पाजतो, फायनान्सवाला घरी येतो.

हिशेब साधा आहे. समजा २० लाखांचं कर्ज, वर्षाला १० टक्के व्याज आणि पाच वर्षांची मुदत. महिन्याचा हप्ता सुमारे ४२,५०० रुपये पडतो. पाच वर्षांत साडेपंचवीस लाख भरले जातात. आता जाऊन-येऊन हजार किलोमीटरची एक फेरी धरा, म्हणजे साधारण बेळगाव ते मुंबई आणि परत. लिटरला ४ किलोमीटर गाडी चालली तर २५० लिटर डिझेल. दर ९० रुपये धरला तर २२,५०० रुपये नुसते डिझेलला. टोल, टायर, हमाली, विमा, रस्ता कर हे वेगळं. येताना भाडं मिळालं नाही तर जातानाच्या भाड्यातूनच सगळं भागवायचं. गाडी गॅरेजमध्ये असो, पावसाळ्यात काम कमी असो किंवा चालक आजारी असो, हप्ता थांबत नाही. आणि इथे चालकही आपण, मालकही आपण. आपण अंथरुणाला खिळलो की उत्पन्नही बंद.

आयकरात लहान वाहतूकदाराला सोय आहे. दहापर्यंत गाड्या असणाऱ्याला अंदाजित उत्पन्न दाखवता येतं. १२ टनांवरच्या गाडीला दरमहा प्रतिटन १,००० रुपये, बाकीच्या गाडीला दरमहा ७,५०० रुपये. १८ टनांची गाडी असेल तर वर्षाला २ लाख १६ हजार उत्पन्न धरलं जातं आणि ते पेन्शनमध्ये मिळवलं जातं. प्रत्यक्षात तोटा झाला असेल तरी अंदाजित पद्धत घेतल्यावर हेच उत्पन्न धरतात.

म्हणून पहिलं वर्ष दुसऱ्याच्या गाडीवर काढावं. भाडं कुठून मिळतं, पैसे किती दिवसांनी येतात, गाडी महिन्यात किती दिवस उभी राहते, हे वर्षभर वहीत लिहून ठेवलं की गाडी घ्यायची की नाही याचं उत्तर त्या वहीतच मिळतं.

नोकरी धरताना पाच गोष्टी आधी ठरवाव्यात : पगार महिन्यावर की फेरीवर, रस्त्यावरचा भत्ता किती, चालान कोणाच्या खिशातून, विम्यात पगारी चालकाची जोखीम धरली आहे का, आणि रात्रीची ड्युटी किती.

अपघात झाला तर

जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणं ही चालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. जमाव अंगावर येत असेल किंवा परिस्थिती हाताबाहेर असेल तर जवळचं पोलीस ठाणं गाठावं. २४ तासांच्या आत खबर द्यावीच लागते. लायसन्सची मुदत संपलेली असेल तर विमा कंपनी नुकसानभरपाई देऊन ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करू शकते. मालक स्वतःच चालक असेल, तर आयुष्यभराची पुंजी त्या एका तारखेवर टांगलेली असते. स्वतःच्या गाडीला १५ लाखांचं मालक-चालक वैयक्तिक अपघात संरक्षण असतं, पण तेही लायसन्स चालू असेल तरच.

सुरुवात कोणत्या क्रमाने?

१. डोळे, हृदय, साखर आणि झोपेची खरी तपासणी.
२. लायसन्सवरच्या दोन्ही तारखा पाहणं आणि नूतनीकरण.
३. ७,५०० किलोच्या आतल्या गाडीवर, दिवसाच्या आणि जवळच्या फेऱ्या. सकाळी निघून रात्री घरी.
४. जमतंय असं वाटलं तर ट्रान्सपोर्ट लायसन्स आणि रीतसर प्रशिक्षण.
५. किमान एक वर्ष दुसऱ्याच्या गाडीवर, जमाखर्चाच्या वहीसकट.
६. त्यानंतरच स्वतःच्या गाडीचा विचार, तोही फंडातला घरखर्चाचा आणि आजारपणाचा वाटा बाजूला काढून.

वडोदरा, मुंबई, पुणे, कोल्हापूर, बेळगाव ही गावं राष्ट्रीय महामार्ग ४८ ने एकमेकांना जोडली आहेत. इंदूर आणि सोलापूर ५२ वर आहेत, सोलापूर आणि हैदराबाद ६५ वर. या रस्त्यांवर अनुभवी, निर्व्यसनी आणि वेळ पाळणाऱ्या चालकाला काम मिळतं, वय थोडं जास्त असलं तरी. फक्त घरच्यांशी बोलून ठरवावं. गाडी उशिरापर्यंत आली नाही की दाराशी वाट बघत बसणारी माणसं तीच असतात.