हकिमांचा पाला

कोकणातल्या आमच्या घरांमागे शेगटाचे, म्हणजे शेवग्याचे, एक तरी झाड असायचे. शेंगा बाजारात जायच्या, पाला घरात राहायचा. पावसाळ्यात ओले खोबरे घालून त्याची भाजी व्हायची आणि पाहुणा आला की ती पातेल्यातच झाकून ठेवली जायची. गरिबीची भाजी ती! आज तोच पाला ‘मोरिंगा’ नाव घेऊन भुकटीच्या डबीतून दुकानात आला आहे आणि डबीवर ‘अँटिऑक्सिडंट’ असा शब्द छापलेला असतो. आम्हाला आधी हसू आले, मग वाईट वाटले. पाल्यापाचोळ्याची पारख ही दख्खनच्या हकिमांची विद्या. ती आपल्या घरातून गेली कशी?

ही विद्या अरबी जहाजांतून तयार होऊन इथे उतरली, असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज आहे. तो अर्धाच खरा. नवव्या शतकात बगदादला ग्रीक वनस्पतिग्रंथ अरबीत आले, तेराव्या शतकात इब्न बैतारने सुमारे 1400 औषधी द्रव्यांची नोंद केली, हे सारे आहेच. पण हिंदुस्थानात आलेल्या हकिमांना लवकरच कळून चुकले की पुस्तकातली झाडे इथे उगवत नाहीत आणि इथली झाडे पुस्तकात नाहीत. मग ते वैद्यांकडे गेले. सिकंदर लोदीच्या दरबारी मियाँ भुवा यांनी 1512 साली संस्कृत ग्रंथांवरून फारसीत मोठा वैद्यकग्रंथ सिद्ध केला. आपल्या मुलखात हे काम केले महंमद कासिम फरिश्ता यांनी. इतिहासकार म्हणून त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. पण अहमदनगरात वाढलेला आणि 1589 मध्ये विजापूरला गेलेला हा माणूस वैद्यकाचाही जाणकार होता. ‘दस्तूर-उल-अतिब्बा’ हा त्यांचा ग्रंथ हिंदी वैद्यकाविषयी आहे. इथल्या मुसलमानांना इथले औषध कळावे, हा त्यामागचा हेतू.

त्याच्या आधी अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाच्या दरबारात गार्सिया द ऑर्टा हा पोर्तुगीज वैद्य येत-जात असे. तिथल्या हकिमांशी त्याच्या चर्चा होत. 1563 साली गोव्यात छापलेल्या त्याच्या पुस्तकात त्या सहवासाच्या खुणा जागोजागी दिसतात. मूळचा तो यहुदी घराण्यातला. 1568 मध्ये तो वारला आणि 1580 मध्ये इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली. निजामशाही दरबारात त्याला मान होता, हे इथे नमूद करायला हवे.

शेवग्याकडे पाहू. अरबस्तानात त्याचा एक भाऊबंद उगवतो. ‘बान’ म्हणतात त्याला. त्याच्या बियांचे तेल अत्तरवाल्यांना प्रिय. तिकडे महत्त्व बियांना, आपल्याकडे शेंगांना आणि पाल्याला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोष्टकानुसार शंभर ग्रॅम ताज्या पाल्यात सुमारे 6.4 ग्रॅम प्रथिने, 314 मिलिग्रॅम कॅल्शियम, साडेचार मिलिग्रॅम लोह आणि शंभरहून अधिक मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. गाईच्या दुधातले कॅल्शियम याच्या निम्म्याहूनही कमी. ज्याला आपण गरिबी म्हणून झाकत होतो, ते हे!

आता त्या डबीवरच्या शब्दाकडे वळू. शेवग्याच्या पाल्यात क्वेर्सेटिनसारखी द्रव्ये आहेत, यात शंका नाही. त्यांची परीक्षा अशी होते: एक जांभळे रसायन घेऊन त्यात पाल्याचा अर्क घालतात; रंग उतरून पिवळा पडला की अर्कात जोर आहे म्हणायचे. 1958 पासूनची ही पद्धत आहे. पण हा जोर काचेच्या नळीतला. माणसाच्या पोटात तो तसाच राहतो, हे त्यातून सिद्ध होत नाही. अशा मोजणीवरून अन्नपदार्थांची क्रमवारी लावणारी यादी अमेरिकेच्या कृषी खात्याने 2012 मध्ये मागे घेतली, ती याच कारणाने.

गंमत अशी की इब्न सीनाने ही मेख हजार वर्षांपूर्वी ओळखली होती. ‘अल-कानून’च्या दुसऱ्या भागात औषध पारखण्याच्या सात अटी आहेत. औषध भेसळीविना असावे, आजार एकेरी असावा, गुण वारंवार दिसावा. आणि परीक्षा माणसावरच व्हावी, कारण सिंहाला किंवा घोड्याला जे लागू पडते ते माणसाला पडेलच असे नाही. काचेची नळी म्हणजे आपल्या काळातला घोडाच की!

हा तजुर्बा सोडून नुसती श्रद्धा धरली की काय होते, ते 2020 मध्ये दिसले. सनामक्की, म्हणजे आपली सोनामुखी, हिच्या काढ्याने कोरोना बरा होतो अशी हूल पाकिस्तानात उठली आणि पाल्याचे भाव भडकले. सोनामुखी हे जुने, खात्रीचे रेचक. पोट साफ करते, ते तिच्यातल्या सेनोसाइडमुळे. तापाने गळालेल्या माणसाला जुलाब लावणे कोणत्या हिकमतीत बसते? हदीसमध्ये या पाल्याचा उल्लेख आहे म्हणून इब्न सीनाच्या अटी माफ होत नाहीत.

शेवग्यालाही हाच न्याय लावावा लागेल. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात कमतरता आढळली. आपल्या मोहल्ल्यातल्या भगिनी त्यांत आहेतच. पाल्याने ही कमतरता एकट्याने भरून निघणार नाही. पाल्यातले लोह शरीरात फार थोडे मुरते, आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी बंद करून भुकटी खाणे हा निव्वळ वेडेपणा. मात्र आंबट पदार्थाने लोह जास्त मुरते आणि स्निग्धांशाने पाल्यातले कॅरोटीन अंगी लागते, हे प्रयोगांनी दिसले आहे. आमच्या आजीच्या पातेल्यात खोबरे असायचे आणि ताटात लिंबाची फोड. तिला कॅरोटीन ठाऊक नव्हते. जेवताना चहा मागितला की मात्र ती रागवायची, आणि तेही बरोबरच होते, कारण चहा लोह अडवतो.

घरामागचे ते झाड पुढे संडासाच्या टाकीसाठी तोडले. यंदा आम्ही त्याच गावातून एक फांदी आणून लावली आहे. पाला फुटला आहे, शेंगा अजून नाहीत.